मानेवरचा गेरू

प्रिय राधिका,

आमच्या कुरुंद्याच्या शाळेत तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसायची. कवितेच्या तासाला दोन्ही वर्ग एकदमच सुरू व्हायचे. तिसरीची कविता चिमणीची, चौथीची सैनिकाची. पत्र्याखाली असा कल्ला, की चिमणी लढाईला निघालीय आणि सैनिक घरटं बांधतोय असंच ऐकू यायचं. पण त्यातूनही तिसरीतल्या सोनाजीचा आवाज मला बराबर वेगळा काढता यायचा. धाकटा भाऊ ना तो माझा. अजून दुपारी डोळा लागला की तो आवाज कानात येतो. जाग मात्र हल्ली संशयानं येते.

दिवाळीत तू दोन्ही घरच्या मेंढरांची माहिती कॉम्प्युटरवर चढवलीस, कानातल्या बिल्ल्यांच्या नंबरासकट. परवा शेजारच्या भागवतनं वसमतहून तिची प्रिंट काढून आणली. माझ्या प्रत्येक मेंढीपुढं दोन रकाने, दोन्हींच्या डोक्यावर एकच शब्द, 'नाव'. पहिल्यात मसाजी, दुसऱ्यात सोनाजी. माझ्या मेंढीपुढं सोनाजी काहून? माझे गुडघे गेले तेव्हापासून कळप त्याच्याच हाती आहे. सध्या कनेरगाव नाक्याकडं लोकांच्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवून राहिलाय. फोन केला तर “दादा, रेंज न्हाई” म्हणून ठेवून देतो. रेंज नसलेल्या माणसाचं बोलणं इतकं स्वच्छ कसं ऐकू येतं, सांग बरं.

तू फोनवर समजावलंस. एक टेबल मालकांचं, दुसरं राखणाऱ्यांचं. दोन्ही जोडून माहिती मागितली की दोन्हींकडची नावं शेजारी शेजारी येतात, आणि कुठलं कुठून आलं ते रकान्याच्या डोक्यावर लिहायचं राहून गेलं, म्हणालीस. राहून गेलं? अगं, दोन कळप एकत्र करायच्या आधी आपल्यात मेंढरागणिक रंग लागतो. आपल्या मेंढराच्या मानेवर गेरू, सोनाजीच्या मेंढराच्या मागं पुठ्ठ्यावर निळा. लंगडं कोकरूसुद्धा कुणी बिनरंगाचं सोडत नाही. सोनाजीच्या खांद्यावर बसून हे सगळं पाहिलेली पोरगी तू, आणि तुझ्याच हातून रंग लावायचा राहतो? म्हणून मनात पाल चुकचुकते. धाकट्या आबाला पाठीशी घालून तर राहिली न्हाईस? तुझी आजी म्हणते, “सत्तरी उलटली, भावाला चोर म्हणायचं तेवढं राहिलं होतं व्हय?” मला तर आता तीसुद्धा फितूर वाटायला लागली आहे.

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. येत्या अमावास्येला कळप फोडायचा, असा निरोप मी सोनाजीला धाडलाय. आमच्या बापानं एकत्र करून दिलेला कळप. सोनाजीचं उत्तर अजून आलेलं नाही. त्याआधी तोच कागद मला पुन्हा पाठव. पण या वेळी प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर लिही, हे नाव मालकांच्या टेबलातलं, हे राखणाऱ्यांच्या. फोनवर सांगू नकोस, छापूनच पाठव. कल्ल्यातून आवाज वेगळा काढणं आता मला जमत नाही, लेकरा.

तुझाच,
मसाजी आबा

ता. क. पाकीट चिकटवणार तोच दाराची कडी वाजली. पाहतो तर सोनाजी. कळप जोडीदाराच्या हवाली करून, वसमतहून शेवटची एसटी धरून आलाय. धुळीनं नुसता माखलेला. माझी कानतुटकी मेंढी काल माळावर विताना दगावली म्हणाला. त्या घडीला तिथं पाहायला जोडीदारही नव्हता. घोंगडीतून त्यानं कोकरू काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. “वहिनीच्या शेळीला दुधाला लावा याला, दादा,” एवढंच बोलला. कोकराला अजून धड उभं राहता येत नाही, राधिका. पण त्याच्या मानेवर गेरू आहे, आणि सोनाजीच्या बोटांवरही.