उजव्या हाताचं घर

वैशाख वद्य, बुधवार, दिवेलागण

मी सांगते, सूनबाई लिहिते. लिही बाई, आणि मधे रडू नको, अक्षरं भिजतील.

आज आमच्या म्हाताऱ्याची राख सोडली. जुनं गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेलं, तरी मरेपर्यंत ह्यांचं एकच, "मला माझ्या दारात सोडा." उन्हाळ्यानं पाणी उतरलंय, पडक्या भिंती वर आल्यात. थोरल्यानं मासे धरायची होडी मागून आणली. जुन्या बोळातून बांबूनं रेटत गेलो. दोन्हीकडून होडी दगडाला घासत होती.

"आई, घर कंचं?"

"लिंबाच्या वाळक्या खोडापाशी, उजव्या हाताला," मी ठसक्यात सांगितलं. नांदले ना त्या बोळात.

राख सोडली, हात जोडले, आलो.

आत्ता चहा पिताना कप हातातच राहिला. उजव्या हाताला घर, ते वेशीतून येताना. होडी तर नदीकडून शिरली. मग ते उजव्या हाताचं घर समोरच्या चुलत दिराचं. बांधाच्या भांडणापासून ह्यांनी त्या दारचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

थोरला म्हणतो, "पाणी एकच हाय, आई. जाईल की पलीकडं."

कसलं जातंय? बोळात पाणी हलतच नव्हतं. राख पायरीवर बसताना मी बघितली.

पुन्हा होडी नेऊन काय उचलणार?

थोरल्याला सांगून ठेवलंय, माझी पण तिथंच सोड, उजव्या हाताला. त्या घरात ह्यांच्याशी बोलणार कोण?