मॉस्कोला गेलेलं निनावी पत्र

१२ मार्च १९७१, फ्रुंझे

कोणीतरी माझ्याविरुद्ध मॉस्कोला पत्र धाडलंय. खाली सही नाही.

दुपारी तिकडून फोन आला. गोड आवाजात वाचून दाखवलं — "तुमच्या किरगिझ विमानसेवेच्या प्रमुखांना नीट ऐकू येत नाही, तरी ते विमान चालवतात, आणि डॉक्टर भीतीपोटी सह्या करतात." पुढे तारीखसुद्धा! दोन फेब्रुवारीला ओशच्या विमानतळावर उतरताना म्हणे टॉवरला प्रत्येक गोष्ट मला दोनदा सांगावी लागली.

पस्तीस वर्षं इंजिनांच्या शेजारी बसलेल्या कुठल्या माणसाला घड्याळाची टिकटिक ऐकू येते?

१३ मार्च

झोप नाही. कोण असेल?

लाप्तेव, माझा उपप्रमुख. माझ्या खुर्चीवर त्याचा डोळा आहे हे शिपायालाही ठाऊक. तो आला तर आमच्या डोंगरातल्या पोरांना वैमानिक शाळेत पाठवणं बंद, हे मी लिहून देतो. मी पहिल्यांदा डाव्या, म्हणजे मुख्य वैमानिकाच्या खुर्चीत बसलो तेव्हा प्रवासी खाली उतरू लागले होते — किरगिझ माणूस घोडा चालवेल, विमान कसं चालवेल? आज आमचे एकेचाळीस वैमानिक आहेत. एकेकाला मी मेंढ्यांच्या कळपातून उचलून आणलाय. लाप्तेवला ते खुपतं.

पण दोन फेब्रुवारीला लाप्तेव विमानात कुठे होता?

१६ मार्च

मी खोलीत शिरलो की बोलणं थांबतं. आज दोनदा झालं.

लाप्तेवनं चहा मागवला, तब्येत विचारली. सोळा वर्षांत पहिल्यांदा. विचारताना ओठ मोठे मोठे हलवत होता, लहान मुलाशी बोलावं तसे.

२१ मार्च, रविवार

मुकाश जेवायला आला होता. बायकोनं, बुरुलनं, मेंढा शिजवला. मानाचं हाड मी मुकाशला दिलं, नेहमीसारखं. वयानं माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान, पण उजव्या, सहवैमानिकाच्या खुर्चीत माझ्या शेजारी तोच बसतो. बावन्न साली मी त्याला नारीनच्या कुरणातून आणला. त्याचा बाप म्हणाला होता, "जापार, एकच पोरगा आहे. आकाशात सोडतोस तसा परतही आण." तेव्हापासून तो माझ्या घरचाच. मला अके, म्हणजे थोरला भाऊ, म्हणतो, बुरुलला वहिनी.

हात धुवायला आत गेलो तर दोघं चुलीपाशी कुजबुजत होते. मला पाहून गप्प. बुरुल म्हणाली, "मीठ कमी पडलंय का, ते मी विचारत होते."

मीठ बरोबर होतं.

२२ मार्च

दोन फेब्रुवारी. उजव्या खुर्चीत मुकाश.

हे लिहायचं नव्हतं. पण लिहिलं.

२९ मार्च

आठवडाभर त्याच्यावर नजर ठेवून आहे. टॉवरचं बोलणं संपलं की तो ते मोठ्यानं पुन्हा म्हणतो. उंची, वारा, धावपट्टी, सगळं. पूर्वी म्हणायचा का? आठवत नाही. नोंद करून ठेवत असेल — हे अकेंना कळलं, हे नाही कळलं. साक्षीदार शेजारी बसवून मी उडतोय!

२ एप्रिल

ओशला मुद्दाम मीच गेलो. बघू दे सगळ्यांना. मागे अठ्ठेचाळीस प्रवासी.

वाटेतल्या जलालाबादपासून दाट ढग. ओशला खाली आलो, धावपट्टी दिसली, चाकं टेकणार — आणि मुकाशनं माझ्या हातावर हात ठेवून इंजिनांचा जोर पुढे लोटला. विमान वर. न विचारता! पस्तीस वर्षांत माझ्या हातावर कोणी हात ठेवला नव्हता.

धावपट्टीच्या टोकाला मालाचा ट्रक बंद पडला होता. ढगाचा पदर लोंबत होता, ट्रक मला दिसला नाही. मुकाश म्हणतो, टॉवरनं तीनदा वर जायला सांगितलं. या वेळी त्याला ते मोठ्यानं म्हणायला सवड मिळाली नाही एवढंच.

तीनदा? मी बहिरा आहे?

३ एप्रिल

टॉवरची टेप मागवली. ऑपरेटरनं लावली. खरखर, नुसती खरखर. मी म्हटलं, टेप खराब आहे. तो खाली मान घालून बसला. पुन्हा लावायला लावली. मान वर केली नाही त्यानं.

त्यालाही फितवलंय.

५ एप्रिल

आज मुकाशला बोलावलं. दार लावून घेतलं. बस म्हटलं नाही.

"पत्र तू लिहिलंस?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. आधी चेहऱ्यावर काहीच नव्हतं, मग काहीतरी ठरवल्यासारखं झालं.

"हो, अके. मीच."

मला वाटलं होतं नाही म्हणेल, शपथ घेईल. त्याची तयारी करून बसलो होतो. 'हो'ची तयारी नव्हती. तुला मेंढ्यांमागेच ठेवायला हवा होता, असं काहीतरी बोललो. त्याच्या मेलेल्या बापालाही मध्ये आणलं. नारीनच्या विमानतळाचा कारभार बघ म्हटलं. जमिनीवर. उड्डाण बंद.

"आणखी काही, अके?" एवढंच विचारून गेला.

लाप्तेवनं बदलीच्या कागदावर मुकाट सही केली. फक्त म्हणाला, "चांगला वैमानिक आहे." बघा कोण बोलतंय!

१४ एप्रिल

बुरुल नऊ दिवस माझ्याशी धड बोललेली नाही. वाढते, उठून जाते. मुकाशचं नाव काढलं की रडते. बायकांना माया फार. ज्यानं पाठीत सुरा खुपसला त्याच्यासाठी रडायचं?

१९ मे

मॉस्कोच्या वैद्यकीय मंडळापुढे दोन दिवस. इथला एकही डॉक्टर नाही, ओळखीचा कोणी नाही. बंद खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी वाट बघत बसलो. काचेपलीकडे बाई लिहीत होती, लिहीतच होती.

डावा कान गेलेला. उजवा अर्धा. प्रमुख म्हणून राहता येईल, विमान चालवता येणार नाही.

म्हणजे टेप चांगली होती.

२० मे

पत्र खरं होतं म्हणून लिहिणारा सुटत नाही. तोंडावर का सांगितलं नाही त्यानं?

२३ मे

काल फ्रुंझेला परतलो. आज बुरुलला कागद दाखवला आणि तोच प्रश्न विचारला — मुकाशनं तोंडावर का सांगितलं नाही? ती माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली.

"पत्र मी लिहिलं. मुकाशनं मला ओशचं सांगितलं, तुमची समजूत घाला म्हणून पाया पडला. मी दोनदा विषय काढला, दोनदा तुम्ही ताट ढकलून उठलात. मग लिहिलं. ओशचं त्यानं मलाच सांगितलेलं, म्हणून तुमच्या खोलीत उभं राहिल्यावर त्यानं ओळखलं, पत्र माझं. बाहेर आला तो थेट माझ्याकडे. म्हणाला, वहिनी, आता गप्प राहा. अके मला तोडून विसरतील, पण तुम्ही लिहिलंत हे कसं विसरतील? एकाच घरात राहायचंय."

उद्या सकाळी नऊच्या विमानानं नारीनला जातोय. प्रवासी म्हणून. मुकाशला कळवलेलं नाही. कळलं तर धावपट्टीवर येऊन उभा राहील, अके येताहेत म्हणून.