मिटलेलं झाकण

२० ऑक्टोबर २००७, खंडेनवमी

नाना एकदाचे माइकसमोर बसले! जन्मभर फुलबाजारात लिलाव पुकारणारा माणूस, पण लेकीच्या लॅपटॉपला लाजतो. सोमवारी त्यांचं घशाचं ऑपरेशन. स्वरयंत्रच काढणार. नंतर आवाज नाही, म्हणून तो मला आजच हवा होता. "मखमलाबादचा झेंडू, बोला बोला" — घसा बसलाय, तरी काय पुकारलं!

सेव्ह करायच्या आधी चहा टाकायला उठले, रेकॉर्डिंग चालूच. परत येते तर आईने झाकण मिटलेलं, वर हळदकुंकू आणि फूल. "पूजेला ठेवलंय. आज हात लावायचा नाय." कडेचा बारका दिवा लुकलुकतोय, म्हणजे लॅपटॉप झोपलाय. झोपू दे.

२२ ऑक्टोबर

झालं ऑपरेशन. नाना शुद्धीवर आले, ओठ हलले. आवाज नाही. माहीत होतं, तरी मी वाकून कान लावला.

२३ ऑक्टोबर

लॅपटॉप उघडला. पंखा फिरला, पडदा काळा. काळाच!

ओमला फोन केला. कॉम्प्युटर क्लासमध्ये त्यानेच यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकून दिलं होतं. म्हणाला, "कॅप्स लॉकचा दिवा लागतोय ना? मग आत सगळं जिवंत आहे, फक्त पडदा उठत नाहीये. बटण दाबून बंद करू नकोस. सेव्ह न केलेलं सगळं जाईल."

चार्जर लावून ठेवलाय, पण बॅटरी जुनी, त्यात हे लोडशेडिंग. एकलहऱ्याचं वीजकेंद्र इतकं जवळ, आणि आम्ही अंधारात. आईशी बोलावंसंच वाटत नाही. कसली मेली पूजा!

२४ ऑक्टोबर

दवाखान्यात नानांनी पाटीवर लिहिलं, 'मशीन उघडलं का?' स्वतःचा आवाज ऐकायचा असेल त्यांना. कुठल्या तोंडाने सांगू? "उद्या" म्हटलं.

ओमने सांगितलेल्या कमांड न दिसता टाइप केल्या. काही नाही. एंटर दाबताना दर वेळी वाटतं, आता गेलं सगळं.

२५ ऑक्टोबर

दुपारी लाइट गेली. ओम आला होता. त्याने खिडकीला चादर लावली आणि टॉर्च पडद्यावर तिरका धरला — दिसलं! पडद्यामागचा उजेडच तेवढा बंद होता; अगदी पुसट, पण नानांच्या आवाजाची रेघ. "सेव्ह कर आधी." केलं. थोड्याच वेळात बॅटरी संपली. मी ओमसमोरच रडले.

लाइट आल्यावर मशीन नव्याने चालू केलं, पडदा नीट आला. कानाला हेडफोन लावला. लिलाव. मग मी चहाला उठते, पावलं. मग नाना, रडत —

"मला लय भ्या वाटतंय गं. नको कापू देऊ त्यांना."

आई: "अवो, हे चालू हाय."

"झाक ते. शुभीला कळाया नको."

मग खट्.

२६ ऑक्टोबर

नानांनी पाटी पुढे केली. 'उघडलं का?'

"लिलाव मिळाला, नाना. पुढचं काही आलं नाही."

त्यांनी आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे. मग तिने पदराने पाटी पुसली.