ऐकलं नाही, त्याला सुतक नाही

३ ऑक्टो., शुक्र.
रजा वाढवली. साहेबांचा आवाज आंबट. असो. अप्पा आज पाचवा दिवस नुसत्या चहावर. देवरूखचे डॉ. म्हणाले, वय झालंय, वडील मागतील ते द्या. मागतात काय, तर नव्या तांदळाची पेज. नि तीही सोमवारी पुनवेला दारावर नव्या भाताची जुडी, म्हणजे नवं, बांधून झाल्यावरच. म्हटलं, लवकर पिकणारं हळवं भात तयार आहे, आजच करून देते. तर अंगात नसलेल्या जोराने, "देवाच्या आधी खायला मी काय उंदीर हाय?"
हट्ट तो हट्ट. तीन दिवस निघायला हवेत.

४, शनि.
सकाळी मुंबईचा फोन. काका गेला. अप्पांचा धाकटा भाऊ, त्यांचा भाई. चहा पिता पिता. मागच्या दारी रडून घेतलं, तोंड धुऊन आत आले.
म्हणजे सुतक. दहा दिवस नवं बांधायचं नाही, पेज नाही. अप्पांजवळ दहा दिवस कुठले.
शेजारची सुशीलावहिनी भावकीतलीच. डोळे पुसत म्हणाली, "आमाला सुतक. तुला न्हाय गो, तू दिल्या घरची." जन्मभर ऐकलेलं हे वाक्य आज पहिल्यांदा उपयोगी पडलं. जाता जाता हळूच, "नि अप्पांनी आयकलंच न्हाय, तर त्यांनाबी न्हाय."
बरोबर की चूक, विचारू कुणाला? ह्यांना फोन केला. म्हणाले, तू ठरव. नेहमीप्रमाणे.

५, रवि.
शेतात जाऊन लोंब्या कापल्या. पावसाने अर्धं भात आडवं. थोड्या लोंब्या जुडीला ठेवल्या, बाकीच्या वाळवून कांडल्या. दोन मुठी तांदूळ.
अप्पा : "सुशीला रडते कशाला?" म्हटलं, दाढ दुखतेय. "मंग लवंग दे तिला." दिली नेऊन, काय करणार. लवंग हातात धरून ती आणखीच रडली.

६, सोम. पुनव.
लोंब्या, नाचणीचं कणीस, कुर्डूची फुलं, आंब्याचं पान. जुडी करून दाराला बांधली. अप्पांच्या खाटेवरून सूचना चालूच. काकाला जाऊन दोन दिवस, नि मी इथे दाराला हळदकुंकू लावतेय. लाज वाटली.
पेज केली. चमचा ओठाशी नेला, तर तोंड मिटलं. "भाईकडं बांदलं नवं?"
"बांधलं."
"काय म्हनाला?"
"म्हणाला, दादाला सांग, पोटभर खा."
मग खाल्ली. अर्धी वाटी!

७, मंगळ.
सकाळी आपणहून पेज मागितली. उशीला टेकून बसले. आनंद व्हावा, तर आता फोन हवाय. "तू सांगतेस ता खरा, पन मला भाईचा आवाज आयकू दे." रेंज नाही म्हटलं. "मंग अंगनात जा."
अंगणात आलेय. एका हातात फोन, मांडीवर ही वही. लावू कुणाला? सांगितलं, तर खाल्लेली पेज त्यांना जन्मात पचायची नाही, पुन्हा तोंड मिटतील. नाही सांगितलं, तर किती दिवस...
पेजेने आवाज मात्र भरलाय. पार इथवर येतोय.
"लागला काय गो?"