मिटलेल्या फोनवरच्या दोन ओळी

३ ऑगस्ट
साखरपुड्यात मुलीला मोबाईल द्यायचा — हे एक नवीनच खूळ! यशोधनला तिच्यासाठी दोन पडद्यांचाच हवा. निवड ताईने करायची. बिनलग्नाची बहीण घरात असते कशाला!

मुलगी अकोल्याची, दामिनी. दात पुढे, हसणं त्याहून पुढे. आई म्हणते, "घर भरेल." म्हणजे मी आजवर राहते ते घर रिकामंच होतं! वर म्हणाली, लग्नानंतर तुझी खोली त्यांना. बघतेच कशी देते ते.

५ ऑगस्ट
राजकमल चौकातली दुकानं पालथी घातली. एक फोन वहीसारखा उघडतो. आत ऐसपैस, पण जड — पोळपाट नुसता! दुसऱ्यात दोन वेगळ्या काचा, मध्ये बिजागरी. सिनेमा लावला तर नटीचं नाक बिजागरीत जातं. तिसरा पावडरच्या डबीसारखा मिटतो आणि बाहेर छोटा पडदा. मेसेज आला की मिटलेल्या फोनवरही पहिल्या दोन ओळी दिसतात. पुढचं वाचायला उघडावा लागतो.

"हाच घ्या मॅडम, लेडीज लोकायले लय आवडून राहिला," दुकानदार म्हणाला.

मलाही आवडला. बाईसाहेबांना कोण काय लिहितं, ते जाता-येता दिसेल! जांभळा घेतला. तिच्या रंगाला मुळीच शोभणार नाही.

१० ऑगस्ट
साखरपुडा झाला. डबी बघून ती नाचायचीच बाकी होती. "ताई, तुमी निवडला? माह्यासाठी?" — गळ्यातच पडली. लाडीगोडी! नवऱ्याआधी नणंद खिशात घालायची विद्या.

१७ ऑगस्ट
यशोधन दिवसभर तिच्याशी फोनवर. मी वाढलेलं ताट गार. कुत्र्याला घातलं.

१ सप्टेंबर
आज घरी महालक्ष्म्यांचं जेवण. दामिनीलाही बोलावलेलं. डबी फ्रिजवर ठेवून ती वाढायला गेली. माझी नजर होतीच. उजळली! कोणी अंकुर. "रविवारी अमरावतीले येतो. तुह्या सासरी आत्ताच कोणाले काही सांगू नको..."

भर पंगतीत वाचून दाखवलं. मोठ्याने. दोनदा! यशोधनचा पुरणाचा घास हातातच राहिला.

"मावसभाऊ हाये तो माहा! ताई, फोन उघडा. पुरं वाचा ना, पाया पडते तुमच्या!"

म्हटलं, बाहेरच एवढं उतू चाललंय, आत कशाला बघायचं? तिने यशोधनकडे पाहिलं. तो खाली मान घालून बसलेला. मग तिने फोन उचलला, चपला घातल्या, गेली.

काय तोंड झालं होतं! स्वयंपाकघरात जाऊन हसून घेतलं.

४ सप्टेंबर
मोडलं! आई रडते आहे. मी श्रीखंड आणलं.

९ सप्टेंबर
अकोल्याहून सगळं परत आलं. साडी, अंगठी, फोन. लॉक काढलेलं. आतलं सगळं पुसलेलं, अंकुरचा तेवढा एक मेसेज ठेवलेला. उघडला.

"...पह्यले तुह्या नणंदबाईले भेटून घेतो. तू इतकं चांगलं सांगतलं त्यायच्याबद्दल, मनात भरलं. स्वभाव तेज हाये म्हणतं, असू दे. माहंही वय झालंच हाये. त्या नाही म्हणाल्या तं गोष्ट आपल्यातच राहील. त्यायले चारचौघांत लाज नको वाटाले."

यशोधन दारात उभा. "ताई, आहे का गं काही त्यात?"

"काही नाही," म्हटलं, आणि पुसून टाकला.