दिगंबरच्या लेकरांचा दाखला

१२ नोव्हेंबर
सकाळच्या गाडीने नांदेडहून गावात. पर्समध्ये पेढे, गुलाबाची फुलं, पेन्सिली. ऊसतोडीची टोळी उतरली की दरवर्षी मीच फडात जाते, पोरांना ओवाळते, शाळेत घेऊन येते. त्यांच्यावरच तर पट टिकायचा. गावात लेकरं उरलीत कुठे? ज्याला आहे त्याला एक, आणि ते पिवळ्या बसमधून कंधारच्या इंग्रजी शाळेला.
फडात टोळी नव्हती. मशीन होतं, ऊस तोडून तुकडे करणारं. मुकादम बांधावर छत्री उघडून बसलेला. "कोयतेवाले भेटतच न्हाईत, मॅडम. पोरं शिकली, सुना एका लेकरावर बस म्हणत्यात. तोडनार कोन?"
पेढे त्यालाच दिले. दोन खाल्ले मेल्याने.

१४ नोव्हेंबर
ऊस अप्पांचा. शाळा समितीचे अध्यक्षही तेच. म्हटलं, तुमच्या मशीनने माझी शाळा बुडवली. हसले. "मशीनला लेकरं होत न्हाईत, मॅडम. आन तुमची पोरगी नांदेडच्या क्लासला, मग माझ्या नातवानं का बसावं तुमच्या फरशीवर?"
शिवी ओठावर आली होती. गिळली.
पट दोन. पूजा आणि तिचा भाऊ करण. शून्य झाला की शाळा बंद, मी अतिरिक्त ठरणार, बदली होणार, आणि रिकामी जागा म्हणे पार टोकाच्या किनवटला. तनू बारावीला. हे वर्ष तिला नांदेडात एकटी टाकू? नाही म्हणजे नाही.

१९ नोव्हेंबर
पूजाचा बाप दिगंबर आला, बायकोसकट. गावातले शेवटचे कोयतेवाले हेच. मशीनने त्यांचंही काम गेलं. पुण्यात एका बिल्डिंगवर वॉचमन म्हणून लागलाय. "दाखले द्या मॅडम, सांजच्याला गाडी हाय."
म्हटलं, शिक्का नांदेडला घरी राहिलाय. शिक्का ड्रॉवरमध्येच होता.
पट टिकवायला दाखला लांबवायचा, आमच्यात सगळेच करतात. महिनाअखेर पटपडताळणी. ती झाली की पोस्टाने पाठवीन.
त्याची बायको पाया पडली, तुमच्यामुळं पोरगी वाचाया लागली म्हणून. पडू दिलं.

२२ नोव्हेंबर
दोघांची हजेरी लावली. वर्गात मी एकटी. खिचडीवाल्या मावशी, "तांदूळ शिजवू, का नुसते लिहू?"
"शिजवा. आपण दोघी खाऊ."
तनूचा टेस्टचा निकाल चांगला. क्लासवाल्यांनी फोटो लावलाय.

२७ नोव्हेंबर
दिगंबरचा फोन. तिथली शाळा दाखल्याशिवाय घेईना. "पूजी पार्किंगमधी गाड्या पुसून राहिलीय, मॅडम. सायेब म्हनले, बसूनच हाय तर कामाला लागू दे."
वय नऊ.
दाखला नसला तरी शाळेने घ्यायलाच हवं, नियम आहे. हे त्याला सांगितलं नाही. तिथे नाव लागलं की इथलं कटणार. "बघते हं," म्हणून फोन ठेवला. नंतर तनूवर उगाच खेकसले, डबा अर्धा परत आणला म्हणून.

२९ नोव्हेंबर
केंद्रप्रमुखांचा फोन. पडताळणी उद्याच. "पट?"
"दोन, सर."
"दोघंही समोर पाहिजेत. आता ॲप आलंय, चेहरा घेतल्याशिवाय हजेरी धरत नाही."
लगेच दिगंबरला फोन लावला. म्हटलं, दाखले तयार आहेत, पण लेकरांना घेऊन ये, त्यांच्यासमोरच द्यावे लागतात. असलं काही नसतं.
तो म्हणाला, "नवी नौकरी हाय मॅडम. आत्ताच रजा मागितली तर सायेब परत ठिवनार न्हाई."
"मग राहू दे दाखला."
"न्हाई न्हाई. निघतो."

३० नोव्हेंबर
आले. रात्रभर गाडीत उभं राहून. करणला ताप. पूजा मला बघून पळत आली, पाढे म्हणायला लागली. नखांत काळं. सरांनी दोघांचे चेहरे घेतले, ॲपने घेतले, हिरवी खूण आली. जीव भांड्यात पडला.
निघताना सर म्हणाले, "आता हे दर महिन्याला."
दिगंबर दारात उभा आहे, हात पुढे करून. दाखले माझ्यासमोर टेबलावर, सही झालेले. म्हटलं, जरा बस, चहा सांगते.