ज्येष्ठेच्या लुगड्याखाली

॥ श्री महालक्ष्मी प्रसन्न ॥

सक्करदरा, नागपूर
भाद्रपद वद्य चतुर्थी, सन १९७७

तीर्थस्वरूप सौ. यमुताईंना धाकट्या जावेचा, सुभद्रेचा, वाकून नमस्कार. (पाटावर मांडी घालून लिहिते आहे, पण मनानं वाकलेलीच आहे.) तुमच्या गुडघ्याचं पाणी काढलं त्याला आता महिना होत आला, सूज उतरली का? एरंडाच्या पानाचा शेक सोडू नका, आणि दोन दिवस बरं वाटलं म्हणून लगेच विहिरीवर जाऊ नका. भाऊजींचा खोकला आणि नवी म्हैस, दोघांचीही खुशाली कळवा. इकडे मी ठीक आहे, तुमचे दीर ठीक आहेत. बाकीचं पुढे लिहितेच. पत्र पाठकोऱ्या कागदावर आहे. मागे जे चित्र दिसतं ते कूलरच्या टाकीचं आहे, त्याचा मजकुराशी काही संबंध नाही.

तुमचं कार्ड पोचलं. उघडं कार्ड असल्यामुळे ते माझ्याआधी पोस्टमननं वाचलं, आणि फाटकातूनच ओरडला, "बाई, उमरेडवाल्या बाई मुखवटे वापस मागून राहिल्या! महालक्ष्मी तुमच्या घरून निघून चालली होती म्हणे!" शेजारच्या इंदूबाई तेव्हा कुंपणावर धुणं घालत होत्या, म्हणजे आता सक्करदऱ्यात कोणाला कळायचं राहिलं नाही. म्हणून माझं उत्तर पाकिटात, दोन्हीकडून डिंक लावून. यमुताई, बावीस वर्षं मी दर भाद्रपदात उमरेडला येऊन पुरण वाटलं. एकदाही तोंडानं म्हटलं नाही की मलाही आपल्या घरी महालक्ष्म्या बसवू द्या. यंदा तुमचा गुडघा धरला (देव करो आणि पुन्हा न धरो) आणि तुम्ही आपल्या हातानं ते पितळी मुखवटे माझ्या ओटीत घातले. एस.टी.त त्यांना मांडीवर घेऊन बसले होते, तर कंडक्टरनं विचारलं, "पोरीचं तिकीट?" एवढा मला आनंद झाला होता. आणि आता तुम्ही लिहिता की ज्येष्ठेला नागपूर मानवलं नाही, ती भर आरतीत दाराकडे चालत निघाली, आत्तेसासूबाईंनी म्हणजे प्रयागबाईंनी डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा घट बसायच्या आत मुखवटे पोचते करावे आणि पुढच्या वर्षापासून सगळं उमरेडलाच. यमुताई, प्रयागबाई खोटं बोलल्या नाहीत. ज्येष्ठा चालली. मीही पाहिलं. पण ती काहून चालली हे ऐकायला त्या थांबल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तुमच्याकडे हजर झाल्या. म्हणून मी सुरुवातीपासून सांगते.

सुरुवात गॅरेजपासून आहे. आमच्या घरात जे काही होतं त्याची सुरुवात गॅरेजपासूनच होते. घर बांधलं तेव्हा तुमचे दीर म्हणाले की पुढेमागे मोटार घेऊ, तिला जागा हवी. मोटार काही आली नाही (त्याबद्दल मी देवाची आभारी आहे), पण जागा रिकामी राहते थोडीच! तिथे आधी एक लाकडी बाक आलं, मग वाइस, मग करवती, पाने, पेचकस, आणि इतवारीतल्या कबाड्याकडून किलोनं आणलेलं काय काय. बाकी पुरुष रेल्वेच्या कारखान्यातून आठ तास लोखंड ठोकून आले की आडवे होतात. हे चहा घेतात आणि विश्रांती म्हणून पुन्हा लोखंड ठोकायला जातात. रेडिओ दुरुस्त केला, तेव्हापासून तो डोक्यावर थाप मारल्याशिवाय बोलत नाही. माझ्या शिलाई मशीनचं पायडल धार लावायची सान फिरवायला गेलं, ते अजून माहेरी आल्यासारखं तिथेच आहे. मागच्या उन्हाळ्यात कूलर बनवला, त्यातून वारा कमी आणि पाणी जास्त. पाहुणे समोर बसले की उठताना धोतर पिळून जात. मी बोलत नाही. नवरा कोणत्या वाईट नादाला नाही, संध्याकाळी कुठे आहे ते आवाजावरून कळतं, एवढं पुष्कळ झालं.

आता तुम्हाला आठवत असेल, तुमच्याकडच्या मुखवट्यांखालच्या जुन्या कोठ्या एवढ्या अवजड की एस.टी.च्या टपावर चढेनात, म्हणून मी नुसते मुखवटे आणले. कोठ्या इथे करायच्या होत्या. मी म्हटलं बाजारातून पत्र्याच्या आणू. हे म्हणाले, "घरी गॅरेज असून बाजाराच्या कोठ्या? लोक हसतील." ज्येष्ठेसाठी पंख्याचा जुना स्टँड घेतला, कनिष्ठेसाठी पाइप. वरून पत्र्याचा घेर, त्याला खांदे, खांद्यांना हात. खरंच सांगते, काम देखणं झालं. पण यांना देखण्यावर थांबता येत नाही. लुगडं नेसवताना मी दरवर्षी कमरेतून जाते हे त्यांनी कधीतरी ऐकलं असणार, म्हणून मला न विचारता दोन्ही कोठ्यांना खालून चार-चार चाकं बसवली. म्हणजे मी एका जागी स्टुलावर बसायचं, आणि देवीनं माझ्यासमोर फिरायचं. मी कपाळावर हात मारला. पण यमुताई, खोटं काहून बोलू, निऱ्या इतक्या सुरेख मला जन्मात जमल्या नव्हत्या. मग दोघींना हळूच मखरात सरकवलं, यांनी चाकांखाली लाकडी पाचरी ठोकल्या आणि म्हणाले, "आता हत्ती आला तरी हलत नाही." चाकं कुठली म्हणून मी विचारलं. तर म्हणाले, "तू पूजेचं पाहा." तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी पूजा यथासांग झाली. सोळा भाज्या, पुरण, कढी, वडे, काही कमी नव्हतं. प्रयागबाईंनी आंबिलीला नाव ठेवलं, म्हणजे तेही यथासांग झालं. आरतीला बायकांनी खोली भरून गेली. इंदूबाईंच्या हातात झांजा होत्या, आणि त्या झांजा वाजवतात तेव्हा आमच्या फळीवरची भांडी आपणहून ताल धरतात. तिसरं कडवं चालू असताना ज्येष्ठा मखरातून निघाली. धडपडली नाही, डुलली नाही, आवाज नाही. हळदीकुंकवाला निघालेल्या बाईसारखी सरळ, सावकाश, खोली ओलांडून आली आणि दारापासून दोन हातांवर उभी राहिली. झांजा थांबल्या. कोणीतरी म्हणालं, "अवं माय!" आणि प्रयागबाई किंचाळल्या, "निघाली वं निघाली! उमरेडले जाऊन राहिली! तिले नाही करमत इथं!"

तेवढ्यात तुमचे दीर पुढे आले. म्हणाले, "काही नाही हो, खाली चाकं आहेत. पाचर सुटली. खोलीले दाराकडे उतार आहे, झांजेनं जमीन हादरली." इंदूबाई म्हणाल्या, "चाकं? महालक्ष्मीले? भाऊ, आधी तोंड धुवून या!" यांना आपल्या कामावर अविश्वास दाखवलेला चालत नाही. "थांबा, दाखवतोच," असं म्हणून वाकले आणि ज्येष्ठेच्या निऱ्यांना हात घालणार, तोच मी मधे जाऊन उभी राहिले. "खबरदार!" म्हटलं. लग्नानंतर हा शब्द मी त्यांना पहिल्यांदा वापरला. यमुताई, तुम्हीच सांगा, पुजलेल्या देवीचं लुगडं, पन्नास बायकांसमोर, पुरुषाच्या हातानं वर करायचं? मग मी दाखवायचं का? मी तरी कशी दाखवू? खरं काय ते मला माहीत, यांना माहीत, ते एक वीतभर कापडाखाली आहे, आणि ते कापड उचलणं हे खोटं बोलण्यापेक्षा मोठं पाप. अशी मी आयुष्यात अडकले नव्हते.

मग व्हायचं ते झालं. मूळ नक्षत्र लागेपर्यंत देवीला जागेवरून हलवता येत नाही, म्हणून ज्येष्ठा तिथेच, दाराच्या तोंडाशी, आणि कनिष्ठा बिचारी मखरात एकटी. दुपारी चारपासून बायकांची रांग लागली ती पार तलावाच्या रस्त्यापर्यंत. आत येणारीला दार आणि देवी यांच्यामधून तिरपं व्हावं लागे, त्यालाही लोक प्रदक्षिणा म्हणू लागले. मी प्रत्येकीला हात जोडून सांगत होते, "बाई, चमत्कार नाही, चाकं आहेत." त्यावर त्या एकमेकींना सांगत, "पाहा, इतकं पुण्य असून कशी बोलते! मोठेपणा घेतच नाही." जितकं खरं सांगावं तितकी माझीच कीर्ती वाढे. एकीनं माझ्याही पायावर डोकं ठेवलं. ती म्युनिसिपालटीतल्या साहेबाची बायको निघाली, म्हणून मी पाय मागे घेतले, पण जरा उशिरा. (तेवढं माझं चुकलं.)

इकडे यांना भीती की पुन्हा झांज वाजली तर ज्येष्ठा रस्त्यावर जाईल. लुगड्याला हात लावायचा नाही आणि चाकाखाली पाचर तर बसली पाहिजे. गॅरेजमध्ये जाऊन दहा मिनिटांत त्यांनी एक लांब पट्टी आणली, तिच्या टोकाला पाचर अडकवलेली, आणि देवीच्या मागे जमिनीवर पालथे पडून ती हळूहळू आत सरकवू लागले. तुमचे दीर देवळात गेले तरी चपलांपाशी उभे राहणारे, हे आपलं सगळ्यांना माहीत आहे. त्यांना तसं पालथं पाहून इंदूबाईंनी तोंडाला पदर लावला. "मनोहरभाऊ लोटांगण घालून राहिले वं! देवीनं यांनाही ओढलं!" बाहेर ते कळलं तशी रांग आणखी वाढली. हे खालून ओरडत होते, "पाचर! मी पाचर लावून राहिलो!" पण कपाळ जमिनीला टेकलेलं, त्यामुळे बाहेर ते मंत्रासारखं ऐकू जात होतं.

तिसऱ्या दिवशी अक्षता टाकून विसर्जन झालं. दार लावून मी एकटीनं लुगडी उतरवली आणि त्या चाकांना पहिल्यांदा नीट पाहिलं. रबरी, मऊ, झकास. "एवढी चांगली चाकं कबाड्याकडे आली कुठून?" मी विचारलं. हे म्हणाले, "दवाखान्याच्या स्ट्रेचरची आहेत. म्हणून तर आवाज झाला नाही." यमुताई, दवाखान्याची चाकं, आणि देवीखाली! ती चाकं मी गोमूत्रात तीन दिवस बुडवली, गंगाजल शिंपडलं, पाच शनिवार उपास बोलले. (यांनाही उपास बोलले. त्यांना अजून सांगितलेलं नाही, पण शनिवारी साबुदाणा पाहून त्यांना कळेल.) जमलेले नारळ आणि खण सगळे देवळात दिले, एकही घरी ठेवला नाही, ओल्या नारळाच्या वड्या करायची इच्छा असूनही.

तर हे असं आहे. ज्येष्ठा माझ्या घरून निघून जात नव्हती. पाचर सुटली होती आणि खोलीला दाराकडे उतार होता, एवढंच. दवाखान्याच्या चाकांवर देवी बसवल्याचा दोष माझ्या माथी आहे, तो मी नाकारत नाही. तुम्ही मोठ्या, घराण्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवायचं. तुम्ही म्हणाल तर मुखवटे घेऊन येते, मनात काही ठेवणार नाही. थोरांना नमस्कार, लहानांना पापा, आणि प्रयागबाईंना तुम्हाला योग्य वाटेल ते.

तुमची आज्ञाधारक,
सुभद्रा

ता. क. प्रसादाच्या करंज्या सोबतच्या डब्यात आहेत. तुमच्या गुडघ्यासाठी यांनी एक काठीही बनवली आहे, ती डब्यालाच बांधली आहे. तिला कुठेही चाक नाही, मी स्वतः पाहिलं.

ता. क. "मनात काही ठेवणार नाही" असं वर लिहिलं ते रीत म्हणून लिहिलं. खरं विचाराल तर मुखवटे मी धुवून, पुसून, माझ्या लग्नाच्या शालूत गुंडाळून कपाटात ठेवले आहेत आणि दिवसातून दोनदा उघडून पाहते. ते इथेच राहू द्या, यमुताई. तुम्हीच पुढच्या वर्षी इकडे या, पाटावर बसून हुकूम करा, पुरण मी वाटते.

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं, कारण हे न लिहिणं म्हणजे फसवणूक होईल. काल यांना वाटलं की तुम्हाला उताराचा पुरावा द्यावा. म्हणून गवंड्यांची ती लेव्हलची बाटली जमिनीवर ठेवून पाहिली. बुडबुडा भलतीकडेच गेला. चार ठिकाणी ठेवून पाहिलं. उतार दाराकडे नाहीच, मखराकडे आहे, चांगला बोटभर. हे मानायला तयार नाहीत. बाटलीच बिघडली म्हणतात, आणि गॅरेजमध्ये ती खोलून बसले आहेत. आता तुम्हीच पाहा. बाटली बिघडली असेल, तर ज्येष्ठा उतारानं घसरली, तिला कुठे जायचं नव्हतं. बाटली बरोबर असेल, तर ती चढावर चालून आली. आणि आरतीच्या वेळी मी आंबील आणायला अंगणातून स्वयंपाकघरात गेले होते, ती दारापाशी आली तेव्हा वाटी घेऊन त्याच दारात तिच्यासमोर मीच उभी होते, हे प्रयागबाईंना विचारा. मी मॅट्रिकपर्यंतच शिकले, पण या दोन्हींत मुखवटे परत पाठवण्याचं कारण मला कुठे दिसलं नाही. तुम्हाला दिसलं तर कळवा, मात्र कार्डावर नको.